गण्याची शेळी आणि अकरा संकलक

तुमच्यापैकी कुणी मोबाइलवर छोटासा सिनेमा केलाय का? केला असेल तर शूटिंगची मजा मी सांगायला नको. काजळानं मिशा काढायच्या, कुणीतरी 'ॲक्शन' म्हणून ओरडायचं, तेवढ्यात मधूनच कुत्रं जायचं, सगळ्यांनी फिदीफिदी हसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! मग एक दिवस शूटिंग संपतं आणि सगळे म्हणतात, "झाला बरं का आपला सिनेमा!"

छे हो, कुठला झालाय! मोबाइलमध्ये असतात ते नुसते तुकडे. भाजी निवडून, चिरून ताटात ठेवली म्हणजे स्वयंपाक झाला का? त्या तुकड्यांतले कुठले घ्यायचे, कुठे कापायचे, कशाला काय जोडायचं, या कामाला म्हणतात संकलन. सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात ना, त्यात 'संकलन' असंही एक नाव असतं. आपण ते कधी वाचत नाही. मीसुद्धा वाचत नव्हते. मागच्या वर्षी माझ्या सातवीच्या वर्गानं मला ते वाचायला लावलं. त्याचीच ही हकीकत.

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात शिकवते. तालुक्याला लघुपटांची स्पर्धा आहे असं कळलं. सिनेमा पाच मिनिटांच्या आतला हवा, एवढीच मोठी अट. मुलांनी गोष्ट स्वतःच रचली. आठवडी बाजाराच्या दिवशी गण्या नावाच्या मुलाची शेळी हरवते. तो तिला शोधत गावभर हिंडतो. पारावर जातो, पिठाच्या गिरणीत जातो, बाजारात जातो. शेळी कुठेच नाही! आणि शेवटी ती सापडते शाळेच्या व्हरांड्यात, सूचनाफलकावरचा कागद मजेत खात असलेली.

गण्याचं काम ज्यानं केलं त्याला आता सगळी शाळा गण्याच म्हणते, म्हणून मीही इथं तेच म्हणते. बाकीच्यांची नावं मुद्दामच सांगत नाही. चुकून एखादं राहून गेलं तर महिनाभर रुसवा काढावा लागेल!

गण्या धरून बारा जण होते. मोबाइल माझा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की शूटिंग. असे चार शनिवार ठरवले होते. त्यातले तीन झाले. चौथा झालाच नाही. तो का झाला नाही ते पुढे सांगते. तीन शनिवारांत मिळून आमच्याकडे ९२ तुकडे जमले होते, चौपन्न मिनिटांचे. त्यातून पाच मिनिटं काढायची! म्हणजे दहा मिनिटं घेतली असतील तर त्यातली नऊ टाकून द्यायची.

आता जरा मागे जाऊ या. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला, तो ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन थिएटरात लोकांना दाखवला गेला, हे तुम्ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. पण त्याच्या आधी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती, हे ठाऊक आहे? तिचा नायक होता वाटाण्याचा वेल! कुंडीत वाटाणा लावायचा आणि ठरावीक वेळानं त्याची एकेक चौकट टिपायची. पडद्यावर पाहिलं तर रोप भराभर वाढताना दिसे. ती पाहून लोकांना पटलं, की हा माणूस काहीतरी करून दाखवणार. म्हणजे बघा, शॉर्ट फिल्म ही काही आजची टूम नाही. आणि फाळक्यांचा कारखाना म्हणजे त्यांचं घरच. कच्च्या फिल्मच्या कडांना यंत्रात बसण्यासाठी भोकं पाडावी लागत. सरस्वतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ते काम करायच्या. तेही अंधारात, कारण कच्च्या फिल्मला उजेड लागून चालत नाही.

त्या काळी संकलन म्हणजे खरोखरच कात्रीचं काम होतं. फिल्मची लांबलचक पट्टी, तिच्यावर एकाखाली एक चित्रं. एक फूट पट्टीवर सोळा चित्रं, आणि पुढे बोलपट आल्यावर पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रं, असं गणित ठरलं. म्हणजे एका सेकंदाला दीड फूट! पट्टी उजेडासमोर धरायची, हवं तिथं कापायची आणि दुसऱ्या तुकड्याला चिकटवायची. कापलेले तुकडे दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे टांगून ठेवायचे. तुमच्या-माझ्यासारखं 'अरे चुकलं' म्हणून बटण दाबून मागे येण्याची सोय नव्हती.

पुण्याला प्रभात कंपनीचा स्टुडिओ होता ना, त्याच जागेत १९६० साली सिनेमा शिकवणारी संस्था निघाली. तिथं संकलनही शिकवतात. तिथंच शिकलेल्या रेणू सलुजा यांनी 'जाने भी दो यारो' आणि 'परिंदा' या सिनेमांचं संकलन केलं. 'परिंदा'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००० साली त्या वारल्या. आमच्या वर्गातल्या मुलींना हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाली, "म्हणजे हिरोला किती वेळ दाखवायचं ते बाई ठरवतात होय?" मी म्हटलं, "हो, ठरवतात." तिला ते फारच आवडलं.

असो. तर पहिल्या दिवशी आम्ही काय केलं? मोबाइल मधे ठेवला आणि अकरा जण भोवती बसले. कसले बसतायत! एकावर एक डोकी. ज्याच्या हाती मोबाइल तो राजा, बाकीचे नुसते ओरडतायत, "तो नको, तो नको, पुढचा!" त्या गडबडीत कुणाचा तरी अंगठा लागला आणि गिरणीतला तुकडा चक्क पुसला गेला. सगळीकडे चिडीचूप! गिरणीवाल्या काकांनी आमच्यासाठी अर्धा तास गिरणी बंद ठेवली होती. ते पुन्हा थोडेच ठेवणार? नशीब आमचं, मोबाइलच्या कचरापेटीत तो तुकडा सापडला. हुश्श!

त्या दिवशी आम्ही दोन गोष्टी केल्या. सगळे ९२ तुकडे शाळेच्या संगणकावर उतरवले आणि शिवाय एका पेनड्राइव्हवर घेतले. तुम्हीही कामाला हात घालण्याआधी हे कराच. आणि दुसरं म्हणजे, मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. अहो खरंच! पुढचे चार दिवस आम्ही संकलन केलं ते वही आणि चिठ्ठ्या घेऊन.

शंभर पानी वहीत रकाने आखले. तुकड्याचा नंबर, त्यात काय दिसतं, किती सेकंदांचा आहे आणि शेरा. शेरे तीनच. 'घ्या', 'चालेल' आणि 'नको'. सगळे तुकडे संगणकावर एकेकदा पाहायचे, पाहताना कुणी बोलायचं नाही, आणि मग शेरा द्यायचा. अक्षर चांगलं असलेल्या मुलीला वही दिली. ती इतकी कडक निघाली, की 'घ्या' म्हणणाऱ्याला ती लगेच विचारी, "का घ्या?" 'छान आहे' हे उत्तर तिला चालत नसे. "शेळी हरवलीय हे यातनं कळतं" असं काहीतरी सांगावं लागे.

मग 'घ्या' आणि 'चालेल' अशा तुकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या. वर्गातली बाकं कडेला सारली आणि चिठ्ठ्या फरशीवर ओळीनं मांडल्या. पंखा लावला तर सिनेमा उडून गेला! मग पंखा बंद आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक चिंचोका. आता मजा अशी, की अकराच्या अकरा जणांना सबंध सिनेमा एका नजरेत दिसत होता. कुणीही वाकून चिठ्ठी उचलावी, दुसरीकडे ठेवावी आणि म्हणावं, "हे बघा, असं केलं तर?" काही बिघडत नाही, काही पुसलं जात नाही. एकाच मोबाइलवर अनेकांनी काम करायचं असेल तर मला तरी याहून सोपी युक्ती माहीत नाही.

दोन गट केले आणि त्याच चिठ्ठ्यांतून दोघांना वेगवेगळी ओळ मांडायला सांगितली. पहिल्या गटाचा सिनेमा सुरू झाला शेळी चरताना. मग गण्या बाजाराकडे जातो, मग शेळी नाही. दुसऱ्या गटानं सुरुवातीलाच ठेवली नुसत्या दाव्याची चिठ्ठी. खुंटाला बांधलेलं दावं, आणि त्याच्या टोकाला काहीच नाही. बस्स! पहिल्या गटातला एक जण थोडा वेळ दाव्याच्या चिठ्ठीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आमचं काढा. ह्यांचं लावा." हात वर करून मत द्यायची वेळच आली नाही. मला विचाराल तर अशा कामात मतदान नकोच. सहा हात इकडे, पाच तिकडे झाले की पाच जण हिरमुसतात आणि पुढे लक्ष देत नाहीत. त्यापेक्षा दोन्ही करून बघावं.

कापायच्या कामातल्या दोन-तीन गोष्टी सांगते, म्हणजे तुम्हाला उपयोगी पडतील. आमच्या एका तुकड्यात गण्या डावीकडून उजवीकडे पळत जातो. पुढच्या तुकड्यात तो बाजारात पळतोय, पण उजवीकडून डावीकडे! जोडून पाहिलं तर काय, गण्या घरी परत निघालाय असंच वाटलं. एकाच दिशेनं चाललाय असं दाखवायचं तर पडद्यावरची दिशा सहसा तीच ठेवावी लागते. आम्ही मधे शेळीच्या लेंड्यांचा एक शॉट घातला. (आमच्या कॅमेरामननं तो का घेतला होता देव जाणे!) गण्या पळतो, लेंड्या दिसतात, गण्या उलटा पळतो. आता वाटतं, की लेंड्या बघून तो माग काढत वळलाय. आणि हसूही येतं.

दुसरं, माणूस एखादी हालचाल करत असताना कापलं तर तो जोड डोळ्यांना टोचत नाही. गण्या दार ढकलायला हात पुढे करतो, तिथं काप. पुढच्या तुकड्यात आतल्या बाजूनं दार उघडतं. कुणाला कळतसुद्धा नाही, की मधे आठ दिवस गेलेत आणि ते दार दुसऱ्याच घराचं आहे. आणि आवाज! पुढच्या दृश्याचा आवाज जरा आधी सुरू करा. गण्या अजून पारावरच बसलाय आणि गिरणीची घरघर ऐकू यायला लागली, की बघणारा आपोआप गिरणीकडे निघतो.

आता मुख्य भांडणाकडे येते. नाही, दोन भांडणं झाली. आधी धाकटं सांगते.

आमच्या सिनेमात एका मुलीला एकच वाक्य होतं. "इकडं नाही आली शेळी." तेवढ्यासाठी चौदा टेक झाले होते. कधी हसू, कधी अडखळणं. चौदावा छान जमला. पण संकलन करताना सगळ्यांना वाटू लागलं, की तिथं सिनेमा रेंगाळतो. ती त्या दिवशी मामाच्या लग्नाला गेली होती. काढून टाकला शॉट! दोन दिवसांनी ती आली, तिनं सिनेमा पाहिला, काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट घेऊन एकटीच कडुनिंबाखाली जाऊन बसली. कुणाला काही सुचेना. मग वहीवाल्या मुलीनं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जो हजर नाही त्याचा शॉट कापायचा नाही.' आणि तो शॉट परत आणला.

पुढे काय झालं माहीत आहे? त्या मुलीनं स्वतः तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "बाई, मी आधी मान हलवलीय. तेवढ्यात कळतंय की. बोलायचं कशाला?" तिनं स्वतःच्या हातानं वाक्य कापलं. आता सिनेमात ती फक्त मान हलवते. दोन सेकंद.

आणि थोरलं भांडण म्हणजे शेवटाचं. आमच्याकडे शेवटच नव्हता!

आमच्या भागातली पुष्कळ घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. काही मुलं मागे आजीआजोबांजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. गण्याला दोन वर्षांची बहीण आहे. आईवडील फडात गेले की तिला कोपीवर कोण सांभाळणार? म्हणून गण्यालाही जावं लागतं. दिवाळीनंतर जातील असं आम्ही धरून चाललो होतो. तिसऱ्या शनिवारी रात्रीच ट्रॅक्टर आला आणि गण्या गेला. शेळीनं कागद खाण्याचा शॉट झाला होता. गण्याला ती सापडते, तो शॉट मात्र राहून गेला.

आता? एक जण म्हणाला, दुसऱ्या मुलाला गण्याचा शर्ट घालून पाठमोरा दाखवू. युक्ती चांगली, पण शर्ट गण्याच्या अंगावर, आणि गण्या कृष्णाकाठच्या कुठल्याशा फडात! सगळा सिनेमा नव्या गण्याला घेऊन पुन्हा करायचा तर वेळ नव्हता.

तेवढ्यात आमच्या कॅमेरामनला 'नको' शेऱ्यातला ७१ नंबरचा तुकडा आठवला. शॉट झाल्यावर तो मोबाइल बंद करायला विसरला होता. त्यात गण्या शाळेच्या पायरीवर बसलाय. कुठेतरी बघतोय. मग खाली बघतो, नाक पुसतो, पुन्हा वर बघतो. अकरा सेकंद. तो तुकडा शेळीच्या शॉटच्या आधी जोडला आणि काय सांगू! दिवसभर हिंडून दमलेल्या गण्याला अचानक शेळी दिसली, त्याचे डोळे भरून आले, असंच वाटत होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

याला सिनेमाच्या अभ्यासात एक नाव आहे. रशियात शंभरएक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशॉव्ह नावाचे दिग्दर्शक होते. त्यांनी मोझ्झुखिन या नटाच्या चेहऱ्याचे तुकडे घेतले. चेहऱ्यावर खास काही भाव नव्हते. एकदा चेहऱ्यानंतर सूपची वाटी दाखवली, एकदा शवपेटीतली बाई, एकदा खेळणारी छोटी मुलगी. पुडॉव्हकिन या त्यांच्या विद्यार्थ्यानं लिहून ठेवलंय, की लोकांनी नटाची वाहवा केली. सूपकडे किती विचारात पडून बघतो, मेलेल्या बाईकडे किती दुःखानं, मुलीकडे किती कौतुकानं! चेहरा तोच होता. बघणाऱ्यांनी आपल्याच मनातला भाव त्या चेहऱ्यावर चढवला. घरी करून पाहा. मित्राचा साधा चेहरा पाच सेकंद टिपा, मग त्याला एकदा गुलाबजाम जोडा आणि एकदा गणिताचा पेपर!

मी हे अगदी रंगात येऊन सांगत होते, तेवढ्यात ती चौदा टेकवाली मुलगी म्हणाली, "बाई, तो शेळीकडं नव्हता बघत. आईकडं बघत होता."

ती गण्याच्या शेजारी राहते. तिला सगळं ठाऊक होतं. गण्याची आई शाळेच्या फाटकाशी सांगायला आली होती, की ट्रॅक्टर आज रात्रीच येणार आहे, लवकर घरी ये.

वर्गात एकदम शांतता. मग दोन तट पडले. एक तट म्हणे, सिनेमा म्हणजे खोटंच असतं, दार नाही का आपण दुसऱ्याच घराचं लावलं? दुसरा म्हणे, दार वेगळं आणि गण्या वेगळा. खरं सांगते, मला स्पर्धेची तारीख दिसत होती. चार दिवस उरले होते. मी म्हणाले, "राहू द्या रे. बघणाऱ्यांना काय कळणार आहे?"

"गण्याला कळंल ना," ती म्हणाली. आणि वहीचं पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. 'जो हजर नाही त्याचा...'

काय बोलणार मी? गण्याच्या वडिलांचा नंबर तिच्याच घरी मिळाला. फडातली माणसं पहाटेपासून कामाला असतात, तेव्हा रात्री आठला फोन लावला. अकराच्या अकरा जण माझ्या ओट्यावर, मोबाइलचा स्पीकर सुरू. गण्यानं पहिला प्रश्न काय विचारला असेल? "शेळी बरी हाय का?" (शेळी शेजारच्या आजीची, हे सांगायचं राहिलंच.) मग आम्ही ७१ नंबरचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"ते लावू नका," तो म्हणाला. "तवा मला रडू येत होतं."

कुणी का म्हणून विचारलं नाही. मग तोच म्हणाला, "मी इथनं पाठवू का? पप्पांच्या मोबाइलवर घेतो."

तो तुकडा यायला आठ दिवस लागले. स्पर्धेची तारीख उलटून गेली. मी चिडले होते, हे कबूल करते. गण्यावर नाही, आपल्याला आधी सुचलं नाही म्हणून. आणि मग तो आला. १९ सेकंद. शॉट घेतलाय त्याच्या आईनं. गण्या तोडलेल्या फडात उभा आहे, कडेवर बहीण, अंगात तोच शर्ट. मागे वाढ्यांचे भारे. वारा भणभणतोय, लांब ट्रॅक्टर चाललाय. तो मोबाइलकडे बघून म्हणतो, "शेळी घावली का रे?" आणि उत्तराची वाट बघत थांबतो. बहीण त्याचा कान ओढते.

बस्स, पुन्हा चिठ्ठ्या आणि चिंचोके बाहेर! आमच्या सगळ्या सिनेमाची चित्रं आडवी होती आणि हा शॉट उभा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येत होते. कॅमेरामनला ते मुळीच पसंत नव्हतं. त्यानं चित्र मोठं करून पट्टे घालवले, तर गण्याचं डोकं वरून कापलं गेलं आणि आईनं मुद्दाम चौकटीत घेतलेले त्याचे अनवाणी पाय खालून गेले. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या पट्टे." वाऱ्याचा आवाज कमी करायचा म्हटलं तर गण्याचाही आवाज बारीक व्हायचा. तो तसाच ठेवला आणि तिथलं संगीत काढून टाकलं.

शेवट कसा जोडायचा यावर एक अख्खी दुपार गेली. आधी शेळी दाखवून मग गण्या, की आधी गण्या? दोन्ही करून पाहिलं. शेवटी असं ठरलं. रिकामा व्हरांडा. वाऱ्याचा आवाज सुरू होतो. शेळी सूचनाफलकाचा कागद खातेय आणि कुठून तरी गण्याचं ऐकू येतं, "शेळी घावली का रे?" शेळी मान वर करते. (ती खरं तर कॅमेरामनच्या हातातल्या पाल्याकडे बघत होती. शेळीला विचारायला फोन केला नाही!) आणि मग फडातला गण्या, वाट बघत थांबलेला. तिथं सिनेमा संपतो. आम्ही गोष्ट रचली तेव्हा ती शेळी हरवल्याची होती. आता ती तशी राहिली नव्हती, पण नाव आम्ही बदललं नाही.

२६ जानेवारीला प्रभातफेरीनंतर वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून गावाला तो दाखवला. चार मिनिटं ३८ सेकंद. लेंड्यांना एवढं हसू आलं, की पुढचं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. (हसण्यासाठी जागा सोडायची असते, हे तेव्हा कळलं!) शेवटी मात्र मागच्या बाजूला बसलेल्या बाया एकमेकींना विचारू लागल्या, "कुठल्या फडावरचं हाय हे? कुणाच्या टोळीत हायेत?" शेजारची आजी म्हणाली, पुन्हा लावा. आम्ही पुन्हा लावला.

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या. गण्या शाळेत आला तो काळा पडून आणि दोन बोटं उंच होऊन. दप्तर ठेवायच्या आधीच सगळ्यांनी त्याला संगणकासमोर बसवलं. अकरा जण त्याच्या तोंडाकडे बघतायत आणि तो पडद्याकडे. त्यानं एकदा पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग मधेच थांबवायला लावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"बाई, हितं पारावर माझ्या पायात चप्पल हाय. अन् लगेच गिरणीत नाही."

खरंच की! अकरा संकलक आणि एक बाई, इतक्यांदा पाहून कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. गण्या खो खो हसत सुटला. वहीवाल्या मुलीनं निमूटपणे वही काढली आणि विचारलं, "कितवा सेकंद?"